पाठीवरून फिरवायचा हात

माझा बाप म्हसवडकडचा मेंढका. बाजारात मेंढरू घेताना तो त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. लोकरीत बोटं खुपसून पाठीचा कणा आणि बरगड्या चाचपायचा. मला म्हणायचा, "पोरी, डोळ्याला लोकर दिसती. जनावर हाताला कळतं." आठव्या वर्षी मला ते येत होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ते साफ विसरले, कारण तोवर मी विश्रामबागेतली शहरी बाई झाले होते.

मुलगा-सून पुण्याला गेले आणि त्यांचं पांढरं, झुबकेदार, तीन वर्षांचं पॉमेरियन आमच्याकडे ठेवून गेले. सोबत कुत्र्यांसाठी मिळतात त्या तयार दाण्यांचं पोतं आणि एक मापाची वाटी. कुत्र्यानं दाणे हुंगले आणि तोंड फिरवलं. झालं. मला वाटलं, लेकरू परकं झालंय, घास कसा उतरेल? दाण्यांवर दूध घातलं. नको. दूधपोळी दिली. नको. मग साजूक तूप लावलेली पोळी. ती मात्र त्यानं माझ्या हातून, जणू माझ्यावर उपकार म्हणून, खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तूपपोळीलाही नाक मुरडलं. मी अंडं उकडलं. ते काय शिकत होतं हे घरात सगळ्यांना दिसत होतं, फक्त मला सोडून. मी फरशीवर मांडी ठोकून "हा काऊचा, हा चिऊचा" करत बसायचे. स्वतःच्या पोरांना एवढे लाड केले नव्हते. त्यांना एक धपाटा आणि ताट समोर.

हे म्हणाले, "अगं, भूक लागली की खाईल. कुत्रं आहे ते."

"तुमच्या आईनं असं म्हटलं असतं, तर तुम्ही जगला असतात का?"

"मी कधी आमटी हुंगून तोंड फिरवलं? हिंमत होती माझी?"

वर्षभरानं मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर ठेवलं आणि सांगितलं, "आजी, वजन फार झालंय. केसांवर जाऊ नका. बरगड्यांवर बोटं ठेवा, हलक्या हाताला त्या लागल्या पाहिजेत. वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे." मला 'आजी' म्हटल्याचाच राग जास्त आला. त्यात त्या दवाखान्यातल्या मुलीनं "किती गुबगुबीत आहे" म्हणून त्याला उचललेलं. घरी आल्या आल्या मी मीठ-मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे नजर जबरदस्त लागली होती. ती उतरली या आनंदात त्याला शिरा दिला. शहाणी बाई!

असं पाच वर्षं चाललं. मग ते दारातल्या तीन पायऱ्यांशी थांबायला लागलं. खाली उभं राहून माझ्याकडे बघायचं आणि मी उचलून घ्यायचे. लाडात आलंय, असं शेजारणीला कौतुकानं सांगायचे.

माझा धाकटा भाऊ गावाहून आला. त्यानं कुत्र्याला कुरवाळलं आणि त्याची बोटं केसांत थांबली.

"आक्का, हाड लागंना की गं."

"केस दाट आहेत त्याचे."

"मला केस सांगतीस व्हय? हात लाव बघू. बा असता तर तुला ह्याच्यासंगं बाजारात हुबी केली असती."

मी हात लावला. पन्नासहून जास्त वर्षांनी. बोटांना सगळं येत होतं. मीच कधी त्यांना विचारलं नव्हतं. नुसता मऊ गादीसारखा थर, खाली कुठं तरी हाड.

त्या दिवशी माळ्यावरची मापाची वाटी काढली. दाणे ठेवायचे, पाव तासानं उचलायचे, दुसरं काही नाही. पहिल्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं. मी स्वयंपाकघराचं दार लावून आत बसले, नाहीतर माझाच हात तुपाकडे गेला असता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाणे कुरकुर वाजले. वाटी चाटून पुसून ठेवली त्यानं. दोन दिवस, एवढंच लागलं. ते दोन दिवस मला पाच वर्षं काढता आले नव्हते.

दिवाळीपर्यंत बरगड्या बोटांना लागायला लागल्या. एकदा तर ते एक पायरी आपणहून चढलं. पण गुडघे गेले होते, आणि चालताना लागणारी धापही गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, पंख्याखाली पडल्या पडल्या ते गेलं. त्याच्या जातीची कुत्री आणखी चार-पाच वर्षं सहज काढतात.

डॉक्टरांना फोन केला. "आजी, तुम्ही फार प्रेमानं सांभाळलंत," एवढंच म्हणाले. दोष दिला असता तर मी भांडले तरी असते.