भिकुबाईचा खोकला

खापरावरचे मांडे करावेत ते एरंडोलच्या भिकुबाईनेच. पोळी हातावर फिरवत कोपरापर्यंत ओढायची, तरी फाटायची नाही. लग्नाची तारीख धरण्याआधी लोक तिला विचारून जायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला बीपी निघालं, गोळी सुरू झाली, आणि दोन महिन्यांत कोरडा खोकला मागे लागला. मध झाला, अडुळसा झाला, खोकला हटेना.

दीपमालेने नेमका तेव्हाच डाव साधला. मांडे ती भिकुबाईच्याच हाताखाली शिकलेली, तेही अर्धेमुर्धे. ती गल्लीभर सांगत सुटली, "भिकुबाईले टीबी शे." झालं! अख्खी लग्नसराई गेली, भिकुबाईला एक बोलावणं आलं नाही. शेजारणी तिच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा काढू लागल्या. बाई आतून नुसती धुमसत होती.

गोळीचा संशय आला तशी तिने आपल्या मनानेच गोळी सोडली. आठव्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती भिंत धरून खाली बसली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी चांगलं झापलं, मग थुंकी तपासली. टीबी-बिबी काही नव्हता. खोकला गोळीचाच होता; पण गोळी बदलायची ती विचारून, परस्पर बंद करायची नाही, असं त्यांनी बजावलं. नव्या गोळीने महिन्याभरात खोकला गेला. मग घोट्यांवर सूज आली, तेव्हा मात्र भिकुबाईने तडक दवाखाना गाठला. डोस कमी झाला. पाय उंचावर ठेवा, फार वेळ उभ्या राहू नका, असं सांगितलं गेलं.

गल्लीत तिने यातलं अवाक्षर काढलं नाही. दीपमालेच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं.

भावकीचं आवतण, टाळता येईना. भिकुबाई नवं लुगडं नेसून गेली आणि चुलीसमोरच खुर्ची टाकून बसली. तिला हाताशी घ्यावं तर आपलंच खोटं उघडं पडेल, म्हणून दीपमाला एकटीच खापराशी भिडली होती. पहिला मांडा फाटला. दुसरा फाटला, पुरण खापरावर जळलं. पारोळ्याचे व्याही पानावर ताटकळत बसले, त्यांच्या बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. भिकुबाई डोळे भरून बघत होती. असलं सुख तिला कधी मिळालं नव्हतं.

शेवटी दीपमाला घामाघूम होऊन तिच्यापुढे आली. भिकुबाईने अट घातली, आधी सगळ्यांसमोर खरं सांग.

"अक्का, मी खोटं बोलनू. तुमले टीबी नही."

भिकुबाईने मान डोलावली. मग सावकाश एक पाय समोरच्या स्टुलावर ठेवला, दुसरा त्याच्या शेजारी.

"पन मन्हा पाय सुजेल शेतस, दीपमाला."

व्याही पानावरून उठले, तरी ती जागची हलली नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिच्या पायांना सूज नव्हतीच.