प्लास्टरमामा आणि शिंप्याचा हात

माझा धाकटा भाऊ अठ्ठावीस वर्षं एकाच दवाखान्यात प्लास्टर घालतोय. मोठे डॉक्टरसुद्धा त्याला प्लास्टरमामा म्हणतात. घरी येतो तेव्हा भुवया पांढऱ्याफटक असतात. भावजय म्हणते, "लग्न झाल्यापासून म्हाताऱ्याशीच संसार करतेय मी!" तो हसतो आणि तोंड धुवायला जातो.

अशा माणसावर दीड वर्षापूर्वी दावा लागला. मनगट मोडलेल्या एका शिंप्याचं म्हणणं, प्लास्टर इतकं घट्ट घातलं की बोटं कायमची आखडली. दाव्यात दवाखाना, डॉक्टर आणि तिसरं नाव माझ्या भावाचं.

आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं. "हात बिघडला, एवढं दाखवून त्यांचं भागत नाही. दोन गोष्टी शाबीत कराव्या लागतील. एक, नीट काम करणारा कुठलाही प्लास्टरवाला जी काळजी घेतो, ती मामांनी घेतली नाही. दुसरी, त्याच हयगयीमुळे हात बिघडला. यातली एक जरी निसटली, तरी दावा पडला."

"मग घाबरायचं काय त्यात?" मी म्हटलं.

"नोंदवही," बाई म्हणाल्या.

नियम असा, की प्लास्टर घातल्यावर बोटांतलं रक्त नीट फिरतंय ना ते बघायचं आणि वहीत लिहायचं. भाऊ बघायचा, पण लिहायचा मात्र काही बिनसलेलं असेल तरच. "ठीक आहे त्यात लिहायचं काय?" हे त्याचं अठ्ठावीस वर्षांचं उत्तर. शिंप्याच्या नावापुढचा रकाना कोरा होता.

दवाखान्यातल्या एका कारकुनानं घरी येऊन चहा पिता पिता सुचवलं, "मामा, वही अजून कोर्टात गेली नाही. दोन शब्द टाका की! कोण बघतंय?"

खरं सांगते, माझ्याही मनात आलं, टाक बाबा. पण भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तेव्हा लिहिलं नाही तो माझा आळस. आता लिहिलं तर ते खोटं. त्याच हातानं उद्या कुणाला प्लास्टर घालू?"

संध्याकाळी देवापुढे हात जोडले तेव्हा निकाल मागायची लाज वाटली. याची बुद्धी अशीच राहू दे, एवढंच म्हटलं.

कोर्टात समोरच्या वकिलानं वही उंच धरली. "बोटं बघितली म्हणता. लिहिलंय कुठे?"

"लिहिलं नाही, साहेब."

"म्हणजे बघितलीच नाहीत!"

"बघितली. लिहिलं नाही."

तीनदा तोच प्रश्न, तीनदा तेच उत्तर. भावाचा सदरा पाठीला चिकटला होता. मी बाकावर नाम घेत होते आणि दर वेळी मोजणी चुकत होते.

मग न्यायाधीशबाईंनी शिंप्याला पुन्हा बोलावलं. आधीच्या तारखेला त्याला फक्त दुखण्याबद्दल विचारलं गेलं होतं. "प्लास्टर घातल्यावर यांनी काय केलं?" बाईंनी विचारलं.

शिंप्यानं चांगल्या हातानं आखडलेल्या हाताचं एकेक नख दाबून दाखवलं. "असं केलं. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. पाची बोटं बघितली. मलाही शिकवलं. म्हणाले, घरी असंच बघत जा. रंग परत आला नाही किंवा दुखणं वाढलं, तर असाल तसे निघून या."

त्याच्या वकिलानं डोळेच मिटले. "हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलंच नाही!"

"मग तुम्ही परत कधी आलात?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"चौथ्या दिवशी." तो आखडलेल्या बोटांकडे बघत राहिला. "रंग दुसऱ्या दिवशीच येईनासा झाला होता. पण शाळेचे गणवेश द्यायचे होते. गोळ्या घेऊन दुखणं सोसलं."

दोन्ही बाजूंशी संबंध नसलेल्या एका वयस्क हाडांच्या डॉक्टरांनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, "न लिहिणं चूकच. पण त्यामुळे हात बिघडलेला नाही. प्लास्टर घातलं तेव्हा रक्त फिरत होतं, सूज नंतर चढली. मी असतो तरी याहून वेगळं काही केलं नसतं."

महिन्याभरानं निकाल आला. दावा फेटाळला. नोंदवहीबद्दल मात्र न्यायाधीशबाईंनी दवाखान्याची आणि भावाची चांगली कानउघाडणी केली. ती त्यानं मान खाली घालून ऐकली.

बाहेर शिंपी भिंतीला टेकून उभा होता. भाऊ सरळ त्याच्याकडे गेला. मीही घाईनं मागे गेले.

"मामा, राग आहे ना माझ्यावर?"

"दीड वर्ष होता. बसा इथं, हात द्या."

तिथंच बाकावर बसून त्यानं एकेक सांधा चाचपला. "अंगठा अजून ऐकतोय की! कोमट पाण्यात बुडवून रोज हलवायचा. सोमवारी व्यायामाच्या खोलीत या, तिथल्या बाईंना सांगून ठेवतो. आणि या वेळी चौथ्या दिवशी येऊ नका म्हणजे झालं."

शिंपी ओशाळून हसला. कितीतरी दिवसांनी भाऊही हसला.

परतीच्या बसमध्ये दोन थांबे गेले असतील, तोच त्याची मान माझ्या खांद्यावर कलली. तोंड उघडं टाकून पठ्ठ्या चक्क घोरायला लागला. पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. "बघा खुशाल," मी म्हटलं. आमचा थांबा आला आणि गेला. मी त्याला उठवलं नाही.