चोपन्नचे एकसष्ट

दामिनी निखाडेचं अक्षर फार देखणं होतं, आणि त्यानंच तिचा घात केला.

चौथीत असताना बाईंनी हात धरून वळण लावलं होतं, ते कॉलेजातही सुटलं नाही. तीन तासांच्या पेपरात पाच प्रश्न असत, दामिनीचे साडेतीन होत. घंटा व्हायची तेव्हा ती चौथ्या उत्तराच्या मधोमध एखाद्या सूत्राखाली पट्टीनं रेघ ओढत असायची. जेवढं लिहिलेलं असे तेवढं बरोबर असे. पण न लिहिलेल्याला मार्क कोण देणार?

केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत मात्र तीच मुलगी वेगळी दिसे. तिथले जुने अटेंडंट ओमप्रकाशभैया गोंधळलेल्या मुलांना सांगायचे, "रीडिंग नहीं मिल रहा? दामिनी से पूछो. देख के मत उतारना, पूछना." प्रॅक्टिकल संपलं की ती त्यांच्यासोबत काचेची भांडी धुवायला थांबायची. ब्युरेटच्या काचनळीची तोटी व्हॅसलीन लावून कशी बसवायची आणि बारीक गळती कशी ओळखायची, ते तिला कुठल्या सरांनी नाही, ओमप्रकाशभैयांनी शिकवलं. प्रॅक्टिकलला पन्नासपैकी शेहेचाळीसच्या खाली ती कधी गेली नाही. पण मार्कशीटवर ती ओळ एकच, आणि थिअरीच्या ओळी अनेक. बी.एस्सी.चा निकाल लागला. चोपन्न टक्के.

वडील बाबाराव स्टील प्लांटात क्रेन चालवत. मूळचे पवनीकडचे. भावाभावांत शेत वाटलं गेलं तेव्हा वाट्याला आलेल्या तुकड्यावर पोट भरणार नाही म्हणून विशीतच भिलाईला आले, आणि सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये संसार केला. पुढच्या मे महिन्यात ते रिटायर होणार होते, म्हणजे क्वार्टरही सोडावं लागणार होतं. त्याआधी पोरगी कुठं तरी लागावी एवढीच त्यांची इच्छा. निकाल त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला.

"साठ नाई झाले," ते म्हणाले.

"नाई झाले, बाबा."

"मार्कशीट म्हंजे गेटपास हाय, दामिनी. गेटपास नसला त गेटवरचा जवान मले बी आत सोडत नाई, मंग मी तीस वर्सांचा जुना असो का चाळीस."

ते रागावून बोलले नव्हते, म्हणूनच तिला जास्त लागलं.

आणि त्यांचं म्हणणं पुढच्या दोन महिन्यांत खरंच ठरलं. शेजारच्या ब्लॉकमधली प्रांजली तिच्याच वर्गातली, ब्याऐंशी टक्क्यांची. एका सिमेंट कंपनीनं कॉलेजकडे साठच्या वरच्यांची यादी मागितली. त्यातून तिघांना घेतलं, त्यात प्रांजली होती. दामिनीला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि घरी येऊन तिनं न सांगता सगळ्या घराची फरशी पुसून काढली. तिची आई रुक्मा दारात उभी राहून बघत होती.

दामिनीनं मोबाइलवरून एकामागून एक फॉर्म भरायला घेतले. टक्क्यांच्या चौकटीत चोपन्न टाकलं की चौकटीला लाल कड यायची आणि खालचं बटण दबायचंच नाही. एका ठिकाणी तरी माणूस भेटला असता तर ती काही बोलली असती. त्या लाल कडेला काय सांगणार? पाच ठिकाणी तसंच झालं.

सहावी जाहिरात जुनवानीच्या एका खाजगी लॅबची होती. पाणी, कोळसा, चुना तपासून द्यायची लॅब, केमिस्टची एक जागा, साठच्या वरच्यांना प्राधान्य. फॉर्म साधा होता, लाल कडबिड काही नव्हती. प्रांजली शेजारी बसली होती.

"एकसठ लिख दे," ती म्हणाली. "कौन देखता है? एक बार बुला लिया तो तू काम दिखा देना."

दामिनीनं चोपन्न लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग एकसष्ट लिहून पटकन पाठवून दिलं, आणि त्यानंतर दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला. बुधवारी सकाळी दहा वाजता, मार्कशीट घेऊन या.

बुधवारी दहाच्या वेळेला तिथं तिघं होते, दोन मुलगे आणि दामिनी. लॅब एका दुमजली घराच्या खालच्या भागात होती. तिथल्या सहायकानं तिघांना एकेक बाटली दिली. उकडा तांदूळ बनवणाऱ्या एका राइस मिलच्या बॉयलरचं पाणी होतं. त्याचा जडपणा मोजायचा, तीन रीडिंग घ्यायची, एकाच ब्युरेटवर पाळीपाळीनं. ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली लांब उभी काचनळी. खालची तोटी उघडून त्यातलं रसायन थेंबथेंब पाण्यात सोडायचं, आणि पाण्यात घातलेल्या सूचकाचा लालसर रंग निळा झाला की किती रसायन लागलं ते वाचायचं, हे टायट्रेशन.

दामिनीचा नंबर शेवटी आला. पहिलं रीडिंग चौदा पॉइंट दोन. दुसरं चौदा पॉइंट नऊ. एवढा फरक तिच्या हातून कधी पडला नव्हता. तिसरं आलं चौदा पॉइंट पाच. तिनं नळी पुन्हा वरपर्यंत भरली, तोटी बंद केली आणि हात मागे घेऊन नुसती बघत उभी राहिली. चार मिनिटांनी पातळी तीन बारीक रेघा खाली आली होती. तोटीच्या टोकाला एक थेंब जमून लोंबत होता.

"ये लीक कर रहा है," ती सहायकाला म्हणाली. "दूसरा मिलेगा?"

"दूसरा नहीं है. जो आया लिख दो, सबने लिखा है."

तिनं तिन्ही रीडिंग जशीच्या तशी लिहिली. उत्तराच्या जागी आपल्या त्या देखण्या अक्षरात लिहिलं, की ब्युरेट गळते आहे, त्यामुळे आकडा देता येत नाही.

थोड्या वेळानं तिला आत बोलावलं. लॅबच्या मालकीणबाईंना सगळे निशा मॅडम म्हणत. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं तुटक. त्यांच्यासमोर तीन कागद होते.

"या दोघांची तिन्ही रीडिंग चौदा पॉइंट तीन आहेत," त्या म्हणाल्या. "तुझी तीन वेगळी, आणि वर तू म्हणतेस आकडा देणार नाही."

"मॅडम, तोटी बंद केली तरी पातळी उतरते आहे."

निशा मॅडम उठल्या. बाहेर येऊन त्यांनी स्वतः ब्युरेट भरली आणि कंबरेवर हात ठेवून पाच मिनिटं तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मग सहायकाकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, ही कधीपासून गळते आहे. त्याला सांगता येईना. गेल्या आठवड्यात या ब्युरेटवर कोणकोणते रिपोर्ट गेले ते काढून ठेव, एवढं बोलून त्या खोलीत परतल्या आणि दामिनीचा फॉर्म हातात घेतला.

"एकसष्ट टक्के. मार्कशीट दे."

फाइल दामिनीच्या मांडीवरच होती. तिचा हात त्यावर गेला आणि तिथंच थांबला.

"मॅडम, एकसष्ट नाहीत. चोपन्न आहेत."

"मग एकसष्ट कोणी लिहिलं?"

"मीच."

निशा मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "चाळीस अर्ज आले होते. चाळिसांना बोलावून पाणी तपासायला लावायला मला वेळ नाही. साठच्या खालचे मी उघडूनही बघितले नाहीत. चोपन्न लिहिलं असतंस तर आज इथे नसतीस."

"माहीत होतं, मॅडम. म्हणूनच लिहिलं."

"आणि एखादीनं चोपन्नचे चोपन्नच लिहिले असतील, ती घरी बसली आहे."

त्या दुसऱ्या मुलीचा दामिनीनं विचारच केला नव्हता. निशा मॅडम म्हणाल्या, "तू जा. मला विचार करावा लागेल."

बाबाराव त्या दिवशी सकाळच्या ए शिफ्टला होते. दुपारी घरी येऊन ते बूट काढत होते, तेव्हाच तिनं सगळं सांगून टाकलं. थांबली असती तर धीर झाला नसता. रुक्मा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"मंग सांगतलं कावून?" बाबारावांनी विचारलं. "मॅडम मार्कशीट मागून राहिल्या होत्या म्हणून?"

"हाव."

"म्हंजे पकडलीच गेली असती. त्याच्यात मोठेपणा नाई काही."

"नाई, बाबा."

त्यांनी दुसरा बूट काढून दाराशी ठेवला. मग म्हणाले, "पण आकडा लिहिला नाई, थे बरं केलं. क्रेनची साखळी सरकून राहिली असंल त वजन उचलाचं नाई, साहेब किती का ओरडेना. मी दोन खेपा नाई म्हटलं हाय. एका खेपी मेमो भेटला."

"तुमी कधी सांगतलं नाई," दामिनी म्हणाली.

"मेमो भेटला थे काय पोरीले सांगाचं?"

रुक्मा एवढंच म्हणाली, "जेवून घे आता. कवापासून भात नुसता चिवडून राहिली." दामिनीनं लाखोळीच्या डाळीसोबत भात खाल्ला आणि पुन्हा घेतला. नोकरी तर गेलीच, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण खोटं आता कुठंच दडवलेलं नव्हतं, घरी नाही आणि लॅबमध्येही नाही.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला.

"साठच्या खालचे अर्ज काढले मी," निशा मॅडम कुठलीही सुरुवात न करता म्हणाल्या. "अकरा होते. सहा जण आले. ती गळकी ब्युरेट फेकली नव्हती, तीच लावली. पाच जणांनी आकडे जुळवून दिले. दुर्गची एक मुलगी आहे हर्षा, अठ्ठावन्न टक्के. तिनं थेंब पाहिला. तिला सॅम्पल आणायच्या आणि नोंदवायच्या कामाला घेतलं आहे, तिथे मला माणूस हवंच होतं. टायट्रेशनला तू ये. तीन महिने बघेन. आणि उद्या आल्याबरोबर फॉर्म पुन्हा भरायचा, खऱ्या टक्क्यांनी. जुना फॉर्मही फाइलमध्ये राहील."

"हो मॅडम," दामिनी म्हणाली. तिकडून फोन ठेवलासुद्धा.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. तीन महिने बघता बघता गेले आणि पक्कं झाल्याचं पत्र मिळालं. बाबाराव रिटायर झाले. क्वार्टर सोडून निखाडे कुटुंब स्मृति नगरात भाड्यानं राहायला आलं, तिथून लॅब स्कूटीनं दहा मिनिटांवर. या सहा वर्षांत दामिनीला टक्के कोणी विचारले नाहीत. तपासणीला येणारे लोक डिग्री आहे का बघतात, मग तिच्या नोंदवह्या उघडतात आणि त्यातच रमतात. प्रांजली सिमेंट कंपनीत वरच्या जागेवर गेली आहे. मागे भिलाईला आली होती तेव्हा सांगत होती, की तिलाही टक्के पहिल्या दिवसानंतर कोणी विचारले नाहीत. "पर पहले दिन तो पूछे थे ना," दामिनी म्हणाली, आणि दोघी हसल्या. टक्क्यांनी काही होत नाही असं दामिनी कोणाला सांगत नाही. हर्षाची धाकटी बहीण पेपरच्या आधी घाबरून तिच्याकडे आली होती, तर तिला तिनं घड्याळ लावून सात वेळा उत्तरं लिहायला लावली. अक्षर जाऊ दे खड्ड्यात, म्हणाली, पाचवा प्रश्न राहिला नाही पाहिजे.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी फोन ठेवल्यावर ती पलंगावरून उठून बाहेर आली. मग आईला सांगितलं. रुक्मानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली, कारण तिला रडू येत होतं. बाबाराव अंगणात मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. त्यांनी ऐकलं, "कोणतं लॅब म्हटलं, जुनवानीचं?" असं विनाकारण पुन्हा विचारून घेतलं, आणि त्याच रोपाला आणखी एक तांब्या ओतला.

दुपारचं जेवण झाल्यावर दामिनी जरा आडवी झाली. गेले अकरा दिवस तिचा डोळा नीट लागला नव्हता. आता लागला तो असा, की बाहेर मुलांचं क्रिकेट सुरू झालं, चेंडू येऊन खिडकीच्या जाळीवर आपटला, तरी ती हलली नाही. चारच्या सुमाराला शेजारच्या काकू पेढे कशाचे वाटले विचारायला आल्या. पेढे अजून कोणी आणलेही नव्हते, बातमीच आधी पोचली होती.

"उठवा न तिले, तिच्याच तोंडून ऐकतो," काकू म्हणाल्या.

बाबारावांनी उठून खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

"झोपू द्या," ते म्हणाले. "या, तुमी बसा. मीच सांगतो."