पाकळी पडेना

कॅसलरॉकमध्ये अनुसयेइतकं भित्रं माणूस शोधून सापडायचं नाही. वीज कडाडली की ही देव्हाऱ्यासमोर, गाडी बोगद्यात शिरली की डोळे गच्च मिटलेले, आणि अस्वल दिसल्याची नुसती बातमी आली तरी वाडीवरचं आमंत्रण रद्द. लोंढ्याकडून लग्न होऊन आली तेव्हापासून गाव तिची थट्टा करतं, आणि तीही हसून घेते. अशा बाईनं नवऱ्याच्या जीपचे सगळे पैसे शेअर बाजारात घातले होते. कुणालाही न सांगता.

घातले तेही भीतीपोटीच. नवरा गुरुदास रामनगरला जीपमधून माणसं नेआण करायचा. जीप म्हातारी झाली तशी त्यानं ती विकली आणि पैसे बायकोच्या खात्यावर ठेवले. "माझ्या हाताला भोकं हाईत. दुसरी गाडी मिळंस्तवर तू सांभाळ," म्हणाला. तोवर तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा, बोलावलं तर. इकडे गाड्यांचे भाव चढत होते, आणि बँकेत पैसे पडून राहिले तर गाडी कधीच हाती लागणार नाही, ही धास्ती अनुसयेला खाऊ लागली. बेळगावचा भाचा अक्षय फोनवर शेअर घ्यायचा, त्याचे पैसे वाढलेले तिनं डोळ्यांनी पाहिले होते. दिवाळीत तिनं त्याच्याकडून सगळं शिकून घेतलं. थोडे दिवस आकडे वाढले. मग बाजार घसरायला लागला आणि थांबायचं नावच घेईना.

घरात फोनला रेंज नाही. रोज सकाळी 'जरा स्टेशनकडं जाऊन येते' म्हणत ती स्टेशनच्या पुलावर जायची आणि तिथं उभी राहून आकडा बघायची. आकडा लाल, म्हणजे तोटा. रुपयाचे साठ पैसे उरले तेव्हा तिनं अक्षयला फोन लावला.

"आत्या, आता विकू नको," तो म्हणाला, "उलट आणखी घे. स्वस्त मिळतंय."

कशानं घेऊ? हातातल्या पाटल्या मोडून? त्याही गेल्या तर? विकावं तर तोटा कायमचा पदरात, ठेवावं तर उद्या आणखी खड्डा. विकायच्या बटणाजवळ नेलेलं बोट ती मागे घ्यायची. घाबरलेल्या माणसाला काही न करणं हेच सोपं वाटतं, तसं तिनं काहीच केलं नाही. घरी येऊन भाकऱ्या थापताना तिला एकच दिसायचं, गुरुदासला कळल्यावरचा त्याचा चेहरा. मारायचा नाही तो, कधी हात उगारला नव्हता. पण पुन्हा कधी काही तिच्या हाती ठेवायचा नाही. त्या विचारानं तव्यावरची भाकरी करपायची.

आणि एका शनिवारी गुरुदास उड्या मारतच घरी आला. रामनगरात चांगली जीप मिळत होती, सोमवारी पैसे द्यायचे होते. "उद्या देवीला कौल लावू, मग घिऊ," तो म्हणाला. अनुसयेला रात्रभर डोळा लागला नाही.

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो, मागणं मोठ्यानं बोलतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रविवारी गुरवानं पाकळ्या लावल्या, गुरुदासची गाडी घ्यायची इच्छा देवीच्या कानावर घातली. मागं दहा-बारा माणसं आपापला प्रश्न घेऊन बसली होती. अनुसया हात जोडून एकच मागत होती, 'डावी पाड गं आई, डावी पाड.'

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं, तरीही नाही.

"कुणीतरी पोटात ठेवलंय," गुरव मागं वळून म्हणाला. "लपवून विचारलं तर आई बोलत न्हाई. सांगून टाका."

गुरुदासनं कान पकडले. "गेल्या सोमवारी उपास असून रामनगरात आमलेट खाल्लो, आई. चुकलं."

माणसं हसली. पाकळ्या तशाच. देवीचे चांदीचे डोळे सरळ आपल्याकडेच बघताहेत असं अनुसयेला वाटलं.

"मी," ती म्हणाली. आवाज आपला नव्हे असाच आला. "अवो, गाडीचे पैसे न्हाईत. मी शेअरात घातले. निम्म्याला आलेत."

सगळ्यांचे डोळे तिच्यावर. गुरुदासनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग गुरवच ओरडला, "अरे, पडल्या!" दोन्ही पाकळ्या खाली होत्या. आधी कुठली पडली, ते एकानंही बघितलं नव्हतं.

घरी जाताना गुरुदास झपाझप पुढं निघाला. अनुसया चार पावलं मागून चालत राहिली. दारात आल्यावर त्यानं विचारलं, "कवापासनं हाय हे?"

"दिवाळीपासनं."

"आणि एकटीच भ्यालीस व्हय रोज?" असं विचारताना त्याचाच आवाज फुटला. अनुसया उंबऱ्यावर बसून हमसून रडली.

सोमवारी दोघं पुलावर गेली. गुरुदासनं चष्मा चढवून लाल आकडा बघितला आणि कठड्याला हात धरला. "ठेवलं तर वर जाईल?"

"जाईल, न्हाई तर आणखी खाली. कुणाला ठाव?"

"मला गाडी पायजे, अनू. दुसऱ्याच्या गाडीवर किती दिवस राबू? इक."

तिनं विकलं. ती जीप हातची गेली, पण उरलेल्या पैशांत महिन्याभरात एक जुनी ओम्नी व्हॅन आली. दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही.

पुढच्या काही महिन्यांत बाजार उसळून पुन्हा वर आला. अनुसयेनं पुलावर आकडा बघितला आणि तीच जुनी भीती परत आली. सांगायलाच हवं असं थोडंच आहे? विकलेल्याचा भाव कोण विचारतो? पण ती पुलाच्या पायऱ्या उतरून सरळ गाडीपाशी गेली. गुरुदास काच पुसत होता.

"अवो, बाजार वर गेला. थांबलो असतो तर तसली जीप आली असती."

फडकं थांबलं. त्यानं ओम्नीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"रडू यायलंय बघ," तो म्हणाला. "पण सांगितलीस ते बरं केलीस. बस पुढं."

अनुसया पुढच्या सीटवर बसली. दार नीट लागलं का, ते तिनं दोनदा ओढून बघितलं.