पुण्यात काढलेला एमआरआय

मुलगा सतरा वर्षांचा होता आणि एका अमेरिकन बेसबॉल क्लबला तो हवा होता. अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंना ड्राफ्टमधून, म्हणजे क्लब पाळीपाळीने खेळाडू निवडतात त्या पद्धतीतून, जावं लागतं. युरोपातल्या मुलाशी क्लब थेट करार करतो. क्लबचा माणूस दोन उन्हाळे, आम्ही राहतो त्या फेल्डहोवनजवळच्या मैदानावर येत होता. कुंपणामागे उभा राहून तो आमच्या मुलाच्या चेंडूचा वेग मोजायचा. आता फक्त वैद्यकीय तपासणी उरली होती.

तपासणीआधी भरायचा फॉर्म ईमेलने आला. पाचव्या पानावर प्रश्न होता : खांद्याचा किंवा कोपराचा स्कॅन पूर्वी झाला आहे का? असल्यास रिपोर्ट जोडा. खाली खेळाडूची सही, आणि तो अठराच्या आतला म्हणून पालकाचीही.

स्कॅन झाला होता. आदल्या वर्षी त्याचं कोपर दुखत होतं. इथल्या फॅमिली डॉक्टरने पॅरासिटामोल घ्या आणि वाट पाहा, असं सांगितलं. अशा वेळी आमच्या ओळखीतले सगळे करतात तेच आम्ही केलं. सुट्टीत पुण्याला गेलो आणि दातांच्या कामांबरोबर एमआरआयही उरकून घेतला. रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. तीन महिने चेंडू टाकायचा नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पाच आठवड्यांवर निवड चाचणी होती. मुलाला आम्ही सांगितलं, थोडी सूज आहे. चाचणीत तो उत्तम खेळला. नंतर त्याने तक्रार केली नाही आणि आम्ही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला.

"आई, तो पुण्याचा एमआरआय पाठव ना. अटॅच करायचाय."

नवरा भांडी पुसत होता. "नॉर्मल होता रे तो. नो लिही आणि मोकळा हो."

"नॉर्मल आहे तर पाठवायला काय जातं, बाबा?"

"तिकडचे रिपोर्ट हे लोक वाचतात होय?"

"म्हणजे आई खोट्यावर सही करणार?" तो हसला. "शाळेच्या ट्रिपचा फॉर्म चार वेळा वाचते ती."

'हो' लिहिलं तर करार जाऊ शकत होता. 'नाही' लिहिलं तर उरलेलं लिगामेंट समुद्रापलीकडे कुठेतरी, आम्ही नसताना तुटू शकत होतं. तेवढ्यात त्याने पाण्याचा ग्लास डाव्या हाताने उचलला. तो उजव्या हाताचा आहे. असं तो कधीपासून करत होता, हे मला सांगता आलं नसतं.

मी रिपोर्ट पाठवला. त्याने तो दोनदा वाचला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

"मला दुखत होतं. तुम्ही म्हणालात काही नाही, म्हणून मला वाटलं मीच नाटक करतोय."

नवऱ्याने हातातली थाळी खाली ठेवली. मुलाने 'हो'वर खूण केली, रिपोर्ट जोडला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी सही केली.

क्लबने लिहिलं की ते स्वतः नवा स्कॅन काढतील, मग ठरवतील. तोवर एकही चेंडू टाकायचा नाही. स्कॅनसाठी अ‍ॅमस्टरडॅमला जायचं होतं. ट्रेनमध्ये त्याने हुडी डोळ्यांवर ओढून घेतली होती. स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी बोलावलं, तशी मी पर्स उचलून उठले. वयाची सोळा वर्षं झाली की इथे रुग्ण स्वतः ठरवतो, पालकांना आत घ्यायचं की नाही. नर्सने त्याच्याकडे पाहिलं.

"तू बाहेर थांब, आई," तो म्हणाला. "या वेळी मीच ऐकतो."

दार लागलं. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी पर्स खाली ठेवून परत बसले.