सावलीकडची खिडकी

आई-बाबांना मुंबईला माझ्याकडे आणायचं ठरलं, तेव्हा आईनं एकच अट घातली. "वरून आपलं वावर दिसन, तरच मी इमानात बसीन."

बाबा एसटीत कंडक्टर असल्यामुळे बाभूळगावजवळचं आमचं वावर आईनंच सांभाळलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव चढेल या आशेनं पुढच्या खोलीत पार छतापर्यंत कापूस भरून ठेवलेला आणि पाहुणे ओसरीत बसायचे. असल्या सालात विमान कायले, असं गावातल्या बाया तिच्या तोंडावर म्हणाल्या. तिनं ऐकून घेतलं. "इतके वर्सं वाकून पाह्यलं, एकदा बसून पाहू दे," एवढंच म्हणाली.

मी कामाला लागले. शाळेच्या जुन्या नकाशावर नागपूरपासून मुंबईपर्यंत फूटपट्टी ठेवली. बाभूळगाव रेषेच्या डावीकडे पडलं. म्हणजे डावी खिडकी. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

नागपूरच्या विमानतळावर मी आईला घेऊन पाणी प्यायला गेले, तेवढ्या पाच मिनिटांत बाबांनी काउंटरवरून बोर्डिंग पास आणले. तिन्ही उजवीकडचे.

"सावलीकडच्या घेतल्या," ते ऐटीत म्हणाले. "सकाळचं ऊन डावीकडून येते. तुह्या मायले चटके कायले?"

जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. यवतमाळहून धामणगावला सकाळी जाताना डावी बाजू सावलीची, संध्याकाळी परतताना पुन्हा डावीच, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना ते हात धरून तिकडे बसवायचे. पण त्या घडीला मला यातलं काही आठवलं नाही. "बाबा, ही काय एसटी हाय का?" मी सगळ्यांदेखत ओरडले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आता बदलून मिळणार नाही. बाबांचा चेहरा उतरला.

विमान उडालं. आई उजव्या खिडकीला नाक लावून बसली. थोड्या वेळानं मान न वळवता म्हणाली, "कुठी हाय गाव? मले तं काहीच वळखू येऊन नाही राह्यलं." मी सांगितलं, गाव दुसऱ्या बाजूला आहे. ती "बरं" म्हणाली आणि पदर सारखा करत बसली. तिनं चिडायला हवं होतं, असं मला वाटलं.

सीटबेल्टचा दिवा विझला, तसे बाबा उठले. पलीकडच्या रांगेत दोन जागा रिकाम्या होत्या आणि खिडकीशी टाय लावलेले एक गृहस्थ उन्हासाठी वर्तमानपत्र आडवं धरून बसले होते. बाबा वाकले. "साहेब, तुमच्या अंगावर ऊन येऊन राह्यलं. आमच्याकडं सावली हाय, इकडं बसता का?" गृहस्थांनी आधी बाबांकडे, मग आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि चक्क आभार मानून उठले. मला हसू आवरेना. साठ-सत्तर माणसांना दाटीवाटीनं बसवणाऱ्या माणसाला एक माणूस उठवणं काय अवघड!

आई तिकडच्या खिडकीशी उन्हात बसली, शेजारी मी आणि कडेला बाबा. बाबा माझ्या अंगावरून वाकून बोट दाखवू लागले. "ते धामणगाव. ती नदी, तो पूल. पुलावरून रस्ता धर. आता चल हळूहळू, बाभूळगाव येईन." प्रत्येक थांबा ते क्रमानं घेत होते, एकही सोडत नव्हते. आईचं बोट काचेवर सरकत होतं. मग ते एका जागी थांबलं.

"हाय," ती म्हणाली. "दिसलं."

तिचा चेहरा निवला. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. खाली नुसते तपकिरी-हिरवे तुकडे, सगळे सारखेच. इतक्या उंचीवरून एक वावर ओळखू येणं शक्य नाही, हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं, "कोणतं गं, माय?"

तिनं काचेवरचं बोट उचललं नाही. अगदी सहज, जराही न रागावता म्हणाली, "तुले कसं वळखू येईन? तू कवा वेचलं त्याच्यात?"