समन्सवर माझीच सही

हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. माझा हा घोळ ऐकताना चहा अंगावर सांडायची भीती आहे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, जातीचा, पेन्शनचा, सगळं भरून देते. संगीताताईनं भरलेला फॉर्म परत येत नाही, अशी अख्ख्या वॉर्डात माझी ख्याती! मग स्वतःच्या घटस्फोटाला वकील कशाला? अर्ज मीच टाइप केला, मीच दाखल केला. रकाना दिसला की भरायचा, त्यात काय एवढं?

अडीच वर्षं मी माहेरी होते अन् नवरा, विलास, राजेगावला आईकडे. सोडतही नव्हता, नांदवतही नव्हता. स्वतःचा फॉर्म भरताना 'विवाहित की अविवाहित' हा रकाना आला की माझं पेन थांबायचं. तेवढ्या एका रकान्यातून मला सुटका हवी होती, बाकी काही नको.

पण विलास समन्स घेईल तर ना! कोर्टाचा माणूस आला की हा नदीवरचा पूल ओलांडून महाराष्ट्रात, गोंदियाच्या बाजूला पसार. तीनदा समन्स परत आलं. माझं काम अन् तीनदा परत? मला जेवण जाईना. असंच चाललं तर वर्षानुवर्षं तारखा पडतील, असं कोर्टातल्या कारकून बाबूंनी सांगितलं.

चौथ्यांदा समन्स कोणत्या दिवशी निघणार ते मी बाबूंकडून काढून घेतलं अन् त्या दिवशी पहिल्या बसनं राजेगाव गाठलं. म्हटलं, आज ह्याला दारातच धरते.

हा माझ्याही आधी पुलापलीकडे! ओसरीत सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. आता भांडण होणार म्हणून मी घाबरलेले. त्यांनी मानही वर केली नाही.

"आली का? डबे जाग्यावरच आहेत. चाय मांड."

अन् मी मांडला की हो! घाबरले की माझे हात आपोआप कामाला लागतात.

तेवढ्यात समन्स घेऊन माणूस आला. नवीन होता, मला ओळखत नव्हता. सासूबाईंनी त्याला सरळ सांगितलं, पोरगा घरी नाही अन् मले काही दिसत नाही. त्यानं सुस्कारा टाकला. मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी.

"घर का कोई बड़ा सदस्य ले ले तो भी चलेगा," तो माझ्याकडे बघत म्हणाला, "नहीं तो फिर वापस जाएगा।"

वापस! तो शब्द ऐकला अन् माझं डोकंच बंद पडलं. समोर कागद, कागदावर चार रिकामे रकाने. घेणाऱ्याचं नाव, संगीता. नातं, पत्नी. सही. तारीख. कसं सुवाच्य भरलं म्हणता! वर निघताना कप विसळून पालथे घातले.

बसमध्ये तिकिटासाठी पर्स उघडली तर आत समन्स. नवऱ्याचं समन्स माझ्या पर्समध्ये काय करतंय? मग डोक्यात उजेड पडला. नवऱ्यापासून वेगळी राहते म्हणून अर्ज केलेला, अन् त्याच्याच घरात चहा करताना सापडले, तेही लेखी!

तारखेपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

तारखेला विलास हजर. कधी नव्हे तो इस्त्रीच्या शर्टात! तारीख, चहा, सगळं आईनं सांगितलेलं असणार. जज साहेबांना म्हणाला, "साहब, मुझे कुछ मिला ही नहीं। पत्नी घर पर थी, उसी ने लिया। हम तो साथ रहते हैं।"

अडीच वर्षं एका कप चहात बुडाली, असंच वाटलं. मी रडत रडत सगळं सांगितलं, चहासकट. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मग समन्स कुठं आहे म्हणून विचारलं. मी पर्समधून काढलं.

"अब ये सामने ही हैं," साहेब बाबूंना म्हणाले, "इन्हीं को दे दीजिए।"

चारदा पळालेला माणूस माझी फजिती बघायला आला अन् स्वतःच अडकला. विलासचा चेहरा उतरला. बाबूंनी पुढं केलेल्या पावतीवर त्यानं नाव लिहिलं अन् पुढच्या रकान्याशी अडला. हळूच माझ्याकडे वळला.

"इथं का लिवू?"

"नातं आहे ते. पती लिहा," मी म्हटलं. दुकानात दिवसभर हेच तर सांगत असते मी!

त्यानं लिहिलं. बाबूंनी कपाळाला हात लावला. "मैडम, खुद ले रहे हैं तो 'स्वयं' लिखते हैं।"

आता तुम्हीच सांगा. अख्ख्या वॉर्डाचे फॉर्म भरले, एकही परत आला नाही. अन् ज्या नवऱ्याला सोडायला कोर्टात गेले, त्याचीच बायको असल्याचं कोर्टाच्या कागदांवर दोनदा लिहून दिलं. एकदा माझ्या हातानं, एकदा त्याच्या!